पाणी कुठवर आलंय?

आमच्या घरात आफ्रिका आली ती टपालाच्या जाडजूड पाकिटातून, आणि आली तशी भांडण घेऊनच आली. नव्वदच्या दशकाचा मधला काळ होता. सांगलीत विश्रामबागला आम्ही तिघं राहायचो: मी, आमचे हे, आणि माझ्या सासूबाई. आमच्याकडच्या रीतीप्रमाणे मी त्यांना आत्या म्हणायचे. धाकटे दीर बोट्स्वानात एका बांधकाम कंपनीत इंजिनिअर होते. पाकीट त्यांचंच होतं. आत तीन गुळगुळीत रंगीत पुस्तिका आणि एक पत्र.

पत्रात भाऊजींनी लिहिलं होतं की इथे ओकावांगो नावाची एक नदी आहे, ती समुद्राला जातच नाही, वाळवंटात शिरते, पसरते आणि तिथेच जिरून जाते. तिच्या पाणथळात श्रीमंत लोकांनी राहायची ठिकाणं काढली आहेत, हत्ती-पाणघोडे दारात येतात. आईला एकदा ते पाणी दाखवायचं आहे. मला रजा चारच दिवसांची मिळेल, म्हणजे चार दिवस आणि एकच जागा. तिन्ही जागा चांगल्या आहेत, आईला विचारून ठरवा, आणि वहिनी, आईला घेऊन तुम्ही या.

घाई का होती ते सांगते. आत्यांना काचबिंदू होता. उजवा डोळा पार गेला होता, आणि डाव्याने दिसायचं ते चुलीच्या फुंकणीतून बघितल्यासारखं. ताटातली भाकरी दिसली की ताट दिसायचं नाही. माझं तोंडसुद्धा त्या हप्त्याहप्त्याने बघायच्या, आधी नाक, मग डोळा, मग म्हणायच्या, "आज कपाळाला आठी हाय गं." मिरजेच्या डॉक्टरांनी ह्यांना बाजूला घेऊन सांगितलं होतं की वर्ष, फार तर दीड वर्ष, काय दाखवायचं ते दाखवून घ्या. आत्यांना कुणी काही सांगितलं नव्हतं, पण त्या काही दूधखुळ्या नव्हत्या.

आत्या जत तालुक्यातल्या, धनगराच्या. पार कर्नाटकाच्या शिवेवरचं गाव. घरात मराठी आणि कानडी दोन्ही बोलायचे. लहानपणी मेंढरांमागे हिंडल्या. तळ कुठल्या गावाशिवारात टाकायचा ते त्यांचे वडील ठरवायचे, आणि त्या तळावर पाल नेमकं कुठं ठोकायचं ते त्यांची आई ठरवायची. लग्न होऊन आल्या तीही कोरडवाहू गावातच. दोन पोरांना शिकवून शहाणं करीपर्यंत डोक्यावरची घागर काही उतरली नाही. टँकर सुरू झाले तर टँकरमागे पळाल्या. आमच्या नळाला पाणी आलं की त्या काम नसताना मोरीत जाऊन नुसत्या उभ्या राहायच्या. मला पहिल्या वर्षी ते विचित्र वाटायचं, नंतर मी नळ जरा जास्त वेळ चालू ठेवायला लागले.

तर त्या तीन पुस्तिका. पहिलीतलं ठिकाण म्हणजे पक्क्या बांधकामाच्या खोल्या, पोहायचा तलाव, समोर बारमाही पाण्याचं मोठं तळं. दुसरीतलं लाकडी घर खांबांवर उभं, चहूबाजूंनी काचा, खाली पाणघोडे. तिसरीत वाळूच्या काठावर सहा तंबू, बस्स. ह्यांनी कागदाला रेघा मारून तक्ता केला. जेवण, डास, डॉक्टर किती लांब, असले रकाने. तक्त्यात पहिलं ठिकाण जिंकलं. मला दुसरं हवं होतं. खरं सांगायचं तर आत्यांच्या नावाखाली मला स्वतःलाच त्या काचेच्या घरात पांढऱ्याशुभ्र चादरीवर लोळायचं होतं. माणसाने आपलं पाप कधीतरी कबूल करावं. तिसऱ्या पुस्तिकेतला तंबू मात्र आत्यांना दाखवला तेव्हा त्या भिंग लावून बराच वेळ बघत राहिल्या आणि ताडकन म्हणाल्या, "पालातनं निघायला माझा जन्म गेला, आन ह्यो मला परत पालात घालतोय व्हय?"

आम्ही पोट धरून हसलो. पोराने इंजिनिअर होऊन आईला परत पालात नेऊन ठेवायचं, तेही इतका खर्च करून! तिसरी पुस्तिका मी घडी घालून ओट्यावर डुगडुगणाऱ्या पिठाच्या डब्याखाली सरकवली. डबा छान बसला. मग आम्हा नवराबायकोत पहिलं की दुसरं यावरून आठ दिवस धुसफूस चालली. मी साताऱ्याची, फौजीची लेक, तोंडाने फटकळ. हे शांत, पण आतल्या गाठीचे.

एका रविवारी दुपारी आत्या दुसरी पुस्तिका मांडीवर घेऊन बसल्या होत्या. भिंग फोटोवर इंच इंच सरकवत होत्या, कारण एका नजरेत अख्खा फोटो त्यांना दिसायचाच नाही. मी शेजारी शेंगा सोलत होते. फोटो कधीचा असंल, त्यांनी विचारलं. मी माध्यमिक शाळेत भूगोल शिकवायचे, त्यामुळे झोकात म्हणाले की पाणी काठोकाठ आहे म्हणजे पावसाळा संपता संपताचा असणार, आपणही तेव्हाच जाऊ.

"मग गवात वाळल्यालं कसं?" आत्या म्हणाल्या. "झाडाला पान न्हाई. काठाची माती उललीया. आन पाणी बघ कसं तट्ट भरलंय. ह्या पाण्यावर पाऊस पडल्याला न्हाई पोरी. हे दुसरीकडनं चालत आलंया."

मी पुस्तिका ओढून घेतली आणि मागचा बारीक मजकूर वाचला. म्हातारीचं बरोबर होतं. पाऊस पडतो लांब अंगोलाच्या डोंगरात, आणि ते पाणी वाळूतून रमतगमत यायला महिनोन्‌महिने लागतात. इकडचा पाऊस संपून रान करपलं की मगच पूर येतो. माझी अशी काही जिरली म्हणता! आणि मला हे कळायला नको होतं का? माझे वडील फौजेतून सुटल्यावर कोयनानगरला धरणावर पहाऱ्याला होते. पाणी सोडलं की खाली नदीकाठी काय होतं ते मी फ्रॉकात होते तेव्हापासून बघितलंय. सांगलीत तर लख्ख ऊन पडलेलं असतं, आणि लोक पुलावर उभे राहून कृष्णा किती फूट चढली ते मोजत असतात. वर्गात फळ्यावर नद्या काढणाऱ्या बाईला फोटोतलं पाणी वाचता आलं नाही, आणि एका डोळ्याच्या, तेही अर्ध्या डोळ्याच्या, निरक्षर बाईने ते वाचलं. त्या दिवसापासून मी आत्यांपुढे भूगोल पाजळणं बंद केलं.

त्यांचं मात्र तेवढ्यावर थांबलं नाही. ह्या पाण्याचं शेपूट कुठं हाय, असं त्यांनी विचारलं. म्हणजे सगळ्यांत शेवटी ते कुठं पोचतं? मी दोन्ही पुस्तिका चाळल्या. नव्हतं. मग पिठाचा डबा उचलून तिसरी काढली, पीठ झटकलं आणि वाचून दाखवलं. हे तंबू एका कोरड्या पात्राच्या काठावर आहेत, पाणथळाच्या अगदी कडेला. जून-जुलैत कधीतरी तिथे पाणी पोचतं. काही वर्षी पोचतही नाही.

"हितं जायाचं," आत्या म्हणाल्या.

मी म्हटलं, आत्या, पाल आहे ते, तुम्हीच नाक मुरडलं होतं. त्या म्हणाल्या की पाल वाईट नसतं, ठोकणारा वाईट असतो. मी म्हटलं, पाणी आलं नाही तर? त्या म्हणाल्या, न्हाई तर न्हाई. तोवर हे बाहेरून आले, त्यांनी ऐकलं, आणि आई आणि बायको यांच्यात पडायची वेळ आली की करतात तेच केलं, चष्मा पुसत बसले. मला मग राहवलं नाही. डोळे वर्षभराचे सोबती, चार दिवस हातात, एकीकडे भरलेलं तळं तयार आहे, आणि ह्या बाईला जुगार सुचतोय! मी बोलून गेले की वाळूच बघायची असेल तर एवढ्या लांब कशाला, जतची वाळू काय वाईट आहे? बोलले आणि जीभ चावली. पण बंदुकीतून सुटलेली गोळी ती.

आत्या रागावल्या नाहीत. हातातलं भिंग पदराने पुसत म्हणाल्या, "आगं, जल्मभर मी पाण्याकडं चालत गेले. पाणी माझ्याकडं चालत येताना एकदा बघायचंय."

मी आत जाऊन चहा टाकला, आणि आलं किसता किसता रडून घेतलं. ह्यांनी तक्त्याचा कागद चार घड्या घालून खिशात घातला. त्या दिवशी जागा ठरली.

जागा ठरली, पण दिवस ठरायचे होते, आणि ते आत्यांनी ठरवले. दर रविवारी आम्ही कोपऱ्यावरच्या एसटीडीच्या बूथवर जायचो. काचेच्या त्या खोक्यात मी आणि आत्या दाटीवाटीने उभ्या राहायचो. जेवलास का, बरा हाईस का, हे सगळं नंतर. पहिला प्रश्न, "पाणी कुठवर आलंय?" भाऊजी बिचारे आठवडाभर तिकडच्या विमानवाल्यांना फोन करून माहिती काढायचे. एकदा कामाच्या गडबडीत त्यांनी ठोकून दिलं, तर आत्यांनी तिथल्या तिथे पकडलं. गेल्या आयतवारी सांगितलंस त्याच्या मागं पाणी कसं आलं रं, म्हणाल्या. बूथवाला फोन करायला आलेल्या माणसांच्या रांगेला सांगायचा, थांबा, मावशींचं पाणी झाल्याशिवाय लाइन सुटत नाही.

घरी आलं की मी नकाशाच्या पुस्तकात पेन्सिलीने खूण करायची आणि आत्या बोट लावून मोजायच्या. नकाशा त्यांना दिसत नव्हता, पण बोट खुणेवर टेकवून दिलं की पुरे. आठवड्याला करंगळीभर, असा हिशोब बसला. मी पुढच्या सगळ्या वाटेला तेच माप धरलं, तर त्यांनी माझा हात बाजूला केला. पुढं सपाट वाळू हाय, तिथं पाणी चालायच्या आधी वाळू पिणार, अर्धंच बोट धर, म्हणाल्या. मग ओंदु, एरडु, मूरु करत कानडीत आठवडे मोजले. मोजायला त्यांना कानडीच लागायची. शेवटी ठरलं: कर्नाटकी बेंदूर, म्हणजे जूनमधला बैलांचा सण, झाला की त्यानंतर दोन आठवड्यांनी. ह्यांनी दबक्या आवाजात विचारलं की मागेपुढे झालं तर? आत्या म्हणाल्या, मी काय पाण्याची मुकादम हाय? भाऊजींनी त्या अंदाजावर जागा राखून टाकली. इंजिनिअर माणूस, पण आईच्या बोटावर भरवसा ठेवला, याचं मला आजही कौतुक वाटतं. शाळा नुकतीच सुरू झाली होती. मुख्याध्यापकांनी बिनपगारी रजा देताना विचारलं, कुठे निघालात? मी म्हटलं, पूर बघायला.

प्रवासाचं सगळं सांगत बसत नाही. इरकली नऊवारी, कपाळभर कुंकू आणि काखेत घोंगडं, अशा आत्या तीन विमानं बदलून गेल्या. घोंगडं सामानात टाकायला त्यांनी साफ नकार दिला. शेवटचं विमान आपल्या जीपएवढं. त्यात आम्ही दोघी, भाऊजी आणि चालवणारा. खाली हिरव्या-निळ्या पाण्याची जाळी पसरलेली होती आणि मी "आत्या, इकडे बघा, तिकडे बघा" करत होते. त्या खिडकीला डोळा लावून एकाच जागी बघत राहिल्या. विमान कडेकडेने गेलं, हिरवं संपलं, पिवळं लागलं, आणि आम्ही उतरलो.

उतरल्या उतरल्या आत्यांनी तंबूची तपासणी केली. दोऱ्या ओढून बघितल्या, खुंट्या पायाने ठोकून बघितल्या. तंबूमागे पुरुषभर उंचीचं वारूळ होतं. त्याला त्यांनी नागपंचमीला करतात तसा हात जोडून नमस्कार केला आणि म्हणाल्या, वारूळ हाय म्हंजे हितं पाणी चढत न्हाई, मुंगीला अक्कल आसती, बेस जागा धरलीया. नंतर कळलं की तिथली बेटंच्या बेटं अशा वारुळांवर उभी राहिली आहेत.

आणि तंबूच्या आत काय सांगू! लाकडी जमीन, पितळी नळ, चार पायांचा पांढरा टब, आणि बिछाना असा की आपल्या अंगाची लाज वाटावी. जून म्हणजे तिकडे थंडी, तर अंथरुणात गरम पाण्याच्या पिशव्या ठेवलेल्या. पाल पाल म्हणून हसलेली मी, त्या टबात तासभर डुंबून बसले. आत्यांनी बिछान्यावर आपलं घोंगडं पसरलं आणि वर निजल्या. काम करणारी माणसं इतकी अदबीची की पहिले दोन दिवस मीच त्यांच्यापुढे उठून उभी राहायचे. सकाळी वाटीत काहीतरी खिमटासारखं आलं. आत्यांनी चमचाभर तोंडात घातलं आणि त्यांचा चेहरा उजळला. जोंधळा हाय की गं! खरंच ज्वारी होती. तिकडे गरीब-श्रीमंत सगळे ज्वारीच खातात. दुसऱ्या दिवशी त्या स्वयंपाकघरात शिरल्या आणि त्यांनी हातावर भाकरी थापून दाखवली. आचारी टोपी काढून बघत राहिला.

आमच्याबरोबर एक वाटाड्या दिलेला होता, पन्नाशीचा, केस पिकलेला, कमी बोलणारा. त्याला मराठी कळत नाही म्हटल्यावर आत्या त्याच्याशी सरळ कानडीत बोलायला लागल्या. त्यांच्या हिशोबाने माणसाला मराठी येत नसेल तर कानडी येणारच, तिसरं काय असणार? भाऊजी लाजले, समजावायला गेले. पण तो वाटाड्या मान हलवून ऐकून घ्यायचा. आत्या पात्राकडे हात करून विचारायच्या, नीरु? नीरु म्हणजे कानडीत पाणी. तो समजला. वाळूत बसून त्याने काटकीने नदीची वळणं काढली, एका वळणावर बोट ठेवलं, मग आपल्या तंबूंपाशी खडा ठेवला. मधे तीन वळणं उरली होती.

ती वळणं सरेनात. रोज सकाळी आत्या काठावरच्या पडलेल्या ओंडक्यावर घोंगडं टाकून बसायच्या. समोर वाळू. शंभर पावलं रुंद, कोरडी ठणठणीत वाळू. दुसऱ्या दिवशी एक हत्तीण आली आणि सोंडेने वाळू उकरून खड्डा करून त्यात झिरपलेलं पाणी प्यायली. आत्यांना ती तुकड्यातुकड्याने दिसली, आधी सोंड, मग पाय, मग एक डोळा. "झरा काढतीया की ही!" असं म्हणून त्या अशा खूश झाल्या, जणू माहेरचं माणूस भेटलं. त्यांनीही लहानपणी ओढ्याच्या वाळूत असेच झरे काढून वाटीवाटीने घागर भरली होती. मी मात्र आतून धुमसत होते. विमानातून दिसलेलं ते हिरवं-निळं डोळ्यांसमोरून हलत नव्हतं. तिसऱ्या दिवशी एकच वळण उरलं होतं, आणि आमचं विमान चौथ्या दिवशी सकाळी दहाला होतं. दुपारी भाऊजी तंबूमागे वारुळापाशी एकटे उभे असलेले दिसले. मी जवळ गेले तर डोळे पुसत होते. म्हणाले, वहिनी, मी तिचं ऐकायला नको होतं, हट्टाने तळ्यावर न्यायला हवं होतं, आता ही परत वाळूच बघून जाणार. मला त्यांची समजूत काढता आली नाही, कारण माझ्याही मनात तेच होतं.

चौथ्या दिवशी सकाळी सामान बांधून झालं होतं. आत्या आंघोळ करून, कुंकू लावून तयार होत्या. चेहरा नेहमीसारखा. मी त्यांच्याकडे बघायचं टाळत होते. तेवढ्यात तंबूबाहेर वाटाड्याचा आवाज आला. हा माणूस चार दिवसांत मोठ्याने बोलला नव्हता. तो म्हणाला, "नीरु."

आम्ही आत्यांचे दोन्ही दंड धरून निघालो. पण म्हातारी अशी चालत होती की आम्हीच मागे पडत होतो. वळणापाशी गेलो आणि थांबलो. मला वाटलं होतं लोंढा येईल, खळखळाट होईल. तसं काहीच नव्हतं. हातभर रुंदीची एक ओली जीभ वाळूतून पुढे सरकत होती, तांबूस, वाळलेली पानं आणि काटक्या पुढे ढकलत. तिच्या कडेला फेस, आणि फेसापुढे मुंग्या, किडे, कोळी जीव घेऊन पळत होते. त्यांना टिपत दोन पक्षी पाण्यापुढे मागे न बघता चालले होते. वाळूतून बुडबुडे निघून चुरचुर आवाज यायचा. खळगा लागला की पाणी थांबायचं, तो पुरता भरायचं, मग काठावरून मान काढून पुढे यायचं. चालणाऱ्या म्हाताऱ्या माणसाएवढा त्याचा वेग होता.

आत्या पात्रात उतरल्या. घोंगडं टाकलं आणि पाण्याच्या वाटेतच पाय पसरून बसल्या. वाटाड्या मदतीला पुढे झाला, मग काय वाटलं कुणास ठाऊक, तोही चार पावलं सोडून वाळूत बसला. वर विमानाची घरघर ऐकू आली. भाऊजी धावतपळत चालकाला थांबवायला गेले. पाणी येत होतं. आत्यांचा डोळा त्याच्या टोकावर लागला होता आणि टोक जसं सरकेल तशी मान हळूहळू सरकत होती. भिंग नाही, काही नाही. पाणी टाचेला टेकलं तेव्हा त्यांच्या तोंडून एक लहानसा आवाज निघाला. माझं लग्न होऊन दहा वर्षं झाली होती, हा आवाज मी कधी ऐकला नव्हता.

मी शेजारी बसले. साडी भिजली, भिजू दे. म्हटलं, आत्या, जिंकलात तुम्ही, पण पाणी नसतं आलं तर मी स्वतःला माफ केलं नसतं. सांगा तरी, ते भरलेलं तळं तयार होतं, तेच का नको म्हणालात?

आत्यांनी मान वळवली नाही. पाणी दोन्ही पायांना वळसा घालून पुढे निघालं होतं आणि त्या त्याला सोडायला तयार नव्हत्या.

"आगं, त्येवढं मोठं पाणी माझ्या डोळ्यात मावतंय व्हय?" त्या म्हणाल्या. "तळ्याचा तुकडाच दिसला आसता. हे बघ, शेंड्यापासनं कडंपर्यंत, पुरतं दिसलं."

मोठ्यात मोठी खिडकी कुठल्या खोलीला आहे, ते बघून मी जागा निवडायला निघाले होते. म्हातारीने आपल्या डोळ्याचं माप घेऊन निवडली होती, आणि आम्हा तिघा शिकलेल्यांपैकी एकाच्याही ते डोक्यात आलं नव्हतं. विमानवाला अर्धा तास थांबला. पाणी तंबूंच्या समोर पोचेपर्यंत आत्या उठल्या नाहीत, आणि मग त्यांनी वाटाड्याला कानडीत सांगितलं की आता जाते.